आधी प्रदक्षिणा, मग दर्शन : बीड जिल्ह्यातील जुनी देवळे

बीड जिल्ह्यातील जुनी देवळे दोन पट्ट्यांत विखुरलेली आहेत. पहिला पट्टा उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीचा. इथली माणसे तिला गंगाच म्हणतात, आणि राक्षसभुवन, पुरुषोत्तमपुरी ही क्षेत्रे याच काठावर आहेत. दुसरा पट्टा बालाघाटाच्या डोंगररांगेचा. बीड शहर, अंबाजोगाई, धर्मापुरी आणि परळी ही ठिकाणे या रांगेच्या अंगाखांद्यावर किंवा पायथ्याशी येतात. मांजरा नदीही पाटोदा तालुक्यात याच डोंगरात उगम पावते. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मुलखात बहुतेक प्रत्येक जुने देऊळ कुठल्या ना कुठल्या पाण्याला धरून उभे आहे. कुंड, बारव, नदीचा घाट किंवा डोंगरातला झरा यांपैकी काहीतरी त्याच्याजवळ सापडतेच.

इतकी देवळे इथे का बांधली गेली, याचे उत्तर नकाशात मिळते. कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, तर यादवांची देवगिरी म्हणजे दौलताबाद. बीडचा मुलूख या दोहोंच्या मधोमध पडतो. अकरावे ते तेरावे शतक हा इथल्या बांधकामाचा भराचा काळ. चालुक्यांचे मांडलिक, यादवांचे सेनापती आणि त्यांच्या घरातल्या स्त्रिया यांनी देवळे बांधली, जमिनी दान दिल्या आणि हे सारे दगडावर किंवा ताम्रपटावर लिहून ठेवले.

या देवळांना सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणण्याची सवय महाराष्ट्रात रुजली आहे. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांचा मंत्री. महादेवाची कारकीर्द साधारण १२६१ मध्ये सुरू झाली. अंबाजोगाईच्या शिलालेखांत १२२८ आणि १२४० ही वर्षे आहेत, म्हणजे तिथली देवळे हेमाद्री अधिकारावर येण्याच्या वीस ते तीस वर्षे आधी बांधून झाली होती. चुन्याशिवाय घडीव दगड एकमेकांत बसवून बांधण्याची रीत त्याच्याही फार आधीची आहे. ‘हेमाडपंती’ या शब्दाने पद्धत कळते, काळ कळत नाही. देवळाच्या पाटीवर तो शब्द असेल तर त्यावरून शतक ठरवू नये.

बीड शहराच्या पूर्व भागात कंकालेश्वराचे देऊळ आहे. जिल्ह्यात एकच देऊळ पाहण्याइतका वेळ असेल तर हेच पाहावे. सुमारे ८४ मीटर बाजूच्या चौरस कुंडात ते मधोमध उभे आहे. विधान तारकाकृती, म्हणजे भिंत सरळ न जाता कोन घेत घेत फिरते. त्यामुळे दिवसभर एका कोनावर ऊन आणि शेजारच्या कोनावर सावली राहते, आणि काळ्या दगडातली शिल्पे या उजेड-सावलीत उठून दिसतात. मंडपातून तीन गर्भगृहे निघतात. बाहेरच्या भिंतीवर देवदेवता आहेत, विष्णूचे अवतार आहेत, आणि शस्त्रे घेतलेल्या स्त्रियाही आहेत. या योद्ध्या स्त्रियांकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, कारण भाविक सरळ पिंडीकडे जातो आणि परत फिरतो.

कंकालेश्वर कधी बांधले गेले यावर अभ्यासकांचे एकमत नाही. यादव राजा दुसरा सिंघण याच्या काळात, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, असे एक मत आहे. शैलीवरून ते आणखी मागे, चालुक्य काळात नेणारेही आहेत. तारकाकृती विधान आणि त्रिदल रचना यांची मुळे चालुक्यांच्या दक्षिणेकडील कामात आहेत, त्यामुळे दुसऱ्या मताला वजन आहे. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. त्या दिवशी शिल्पे पाहायला जाऊ नये, रांगेत उभे राहायला जावे.

पाण्यात देऊळ ही कल्पना फक्त आपल्याकडची नाही. जपानच्या टोकियो शहरात उएनो भागात शिनोबाझू नावाचे तळे आहे. त्यातल्या बेटावरच्या देवळात बेन्झाइतेन नावाची देवी आहे, आणि ती मुळात आपली सरस्वती. बौद्ध ग्रंथांबरोबर ती भारतातून चीनमार्गे जपानला गेली आणि नदीची देवता असल्याने तिकडेही पाण्याजवळच राहिली. तिच्याप्रमाणे लक्ष्मी, कुबेर, इंद्र, ब्रह्मा आणि गणपतीही जपानी बौद्ध मंदिरांत नावे बदलून बसले आहेत. नारा शहरातल्या तोदाइजी मंदिरातील महाबुद्धाच्या मूर्तीचा नेत्रोन्मीलन विधी ७५२ मध्ये झाला, तेव्हा डोळ्यांत शाई भरणारा भिक्षू बोधिसेन हा भारतीय होता. मराठी प्रवासी जपानला जाऊन ही देवळे पाहतात आणि थक्क होऊन परततात. त्यांतल्या कित्येकांनी कंकालेश्वराचे कुंड पाहिलेले नसते.

जपानशी तुलना करताना एक फरक मात्र विसरू नये. तिथली जुनी देवळे लाकडी आहेत. जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत गणले जाणारे होर्यूजी ६०७ मध्ये स्थापन झाले आणि ६७० मध्ये जळाले, म्हणजे आज दिसते ते त्यानंतर पुन्हा उभारलेले आहे. तोदाइजीचे मुख्य सभागृह ११८० आणि १५६७ अशा दोन वेळा आगीत गेले, आजची इमारत १७०९ ची. क्योतोचे सान्जूसान्गेन्दो हे हजार कान्नोन (अवलोकितेश्वर) मूर्तींचे लांबलचक देऊळही आगीनंतर १२६६ मध्ये पुन्हा बांधले गेले, म्हणजे आपल्याकडे यादवांचे राज्य चालू असताना. लाकूड जळते आणि कुजते, म्हणून जपानी लोकांना दुरुस्तीची नोंद ठेवण्याची आणि सुतारांची परंपरा सांभाळण्याची सक्तीच झाली. २६ जानेवारी १९४९ रोजी होर्यूजीच्या सुवर्णसभागृहातील भित्तिचित्रे आगीत करपली. अजिंठ्याशी नाते सांगणारी ही चित्रे होती. पुढच्याच वर्षी जपानने सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा केला, आणि २६ जानेवारी हा दिवस तिथे वारसावास्तूंच्या अग्निसुरक्षेसाठी पाळला जातो. आपला दगड जळत नाही. त्यामुळे तो आपोआप टिकेल असे आपण धरून चालतो, आणि देवळाला रंग द्यायला ऑइल पेंटचा डबा उघडतो.

बीड शहराच्या पूर्वेकडील टेकडीवर खंडोबाचे देऊळ आहे. तेही पुष्कळदा हेमाडपंतीत मोजले जाते, पण ते सुलतानजी निंबाळकराने बांधवले असे मानतात, म्हणजे अठराव्या शतकातले. निंबाळकर हा आधी छत्रपती शाहूंचा सरलष्कर होता, पुढे निजामाकडे गेला आणि बीडची जहागीर त्याला मिळाली. देवळासमोरच्या सुमारे सत्तर फूट उंचीच्या दोन अष्टकोनी दीपमाळा शहरातून लांबूनच दिसतात. चंपाषष्ठीच्या आसपास गेले तर देऊळ जागे असते, एरवी टेकडीवर वारा आणि शांतता.

अंबाजोगाईला मात्र एक दिवस पुरत नाही. जयंती नदीकाठचे हे गाव निजामी राजवटीत मोमिनाबाद म्हणून ओळखले जाई आणि तिथे घोडदळाची छावणी होती. बाहेरून येणारे बहुतेक लोक योगेश्वरीच्या दर्शनाला येतात. ती कोकणातल्या अनेक कुळांची कुलदेवता. घाट ओलांडून इतक्या लांब मराठवाड्यात कुलदेवता कशी, हा प्रश्न चिपळूण-रत्नागिरीकडच्या घरांत पिढ्यानपिढ्या विचारला जातो. नवरात्रात आणि मार्गशीर्षात शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत इथे उत्सव असतो. कुटलेल्या विड्याचा तांबूल हा देवीचा प्रसाद, आणि त्याची चव या गावाबाहेर मिळत नाही.

देवीची कथा गावाबाहेरच्या लेण्यांशी जोडलेली आहे. परळीच्या वैजनाथाशी योगेश्वरीचे लग्न ठरले, वऱ्हाड निघाले, पण मुहूर्त टळला. लग्न मोडले, वऱ्हाड जागच्या जागी दगडाचे झाले आणि देवी कुमारिका राहिली. नदीकाठच्या लेण्यांत जे दगडी हत्ती दिसतात ते त्या वऱ्हाडातले, असे सांगतात. हत्तींमुळेच या लेण्यांना हत्तीखाना नाव पडले. अभ्यासक त्यांना शिवलेणी म्हणतात. खडकात खोदून काढलेले अंगण, त्यात नंदीचा मंडप, भोवती हत्ती आणि मागे खांबांचे दालन अशी रचना आहे. वेरूळचे कैलास ज्यांनी पाहिले आहे त्यांना अंगणातले हत्ती ओळखीचे वाटतील, आकार मात्र फार लहान. कथा बाजूला ठेवून पाहिले तर बांधीव देवळांच्या आधीचा, खडक खोदण्याचा टप्पा अंबाजोगाईत याच जागी भेटतो.

बांधीव टप्पा भेटतो तो सकलेश्वराच्या देवळात. बारा खांबांमुळे लोक त्याला बाराखांबी म्हणतात. हे देऊळ यादव काळातले, शके ११५० म्हणजे इ.स. १२२८ चे मानले जाते. त्या काळी या भागाचा कारभार खोलेश्वर पाहत होता. तो मूळचा विदर्भाकडचा ब्राह्मण आणि सिंघण राजाचा सेनापती. त्याने गुजरातपर्यंत मोहिमा केल्या, आणि त्याच्या पराक्रमाचे वर्णन १२२८ च्या अंबाजोगाईच्या संस्कृत लेखात आहे. गावात त्याच्या नावाचे देऊळही आहे.

खोलेश्वराच्या घराची पुढची हकीकत त्याच्या मुलीच्या लेखातून कळते. तिचे नाव लक्ष्मी. तिचा भाऊ राम गुजरातवरच्या पुढच्या मोहिमेचा प्रमुख होता आणि नर्मदेकाठच्या लढाईत तो मारला गेला. लक्ष्मीने भावाच्या स्मरणार्थ रामनारायणाचे देऊळ बांधले आणि शके ११६२, म्हणजे १२४० मध्ये, लेख कोरवला. रामाचा मुलगा लहान होता, त्याच्या वतीने कारभार तीच बघत होती असे लेखावरून दिसते. तेराव्या शतकातील मराठवाड्यात एक बाई सत्ता चालवते, देऊळ बांधते आणि हे दगडावर लिहून ठेवते, ही बाब शालेय पाठ्यपुस्तकात जायला हवी होती. अंबाजोगाईत आलेल्या शंभर भाविकांपैकी एकालाही तिचे नाव ठाऊक नसते, आणि दोष भाविकांचा नाही. लेखाचा मराठी अनुवाद लिहिलेली एक पाटी तिथे लावायला फार खर्च येणार नाही.

सकलेश्वराच्या परिसरात जमिनीखालीही बरेच आहे. राज्याच्या पुरातत्त्व विभागाने अलीकडे तिथे चर खणून पाहिले, तेव्हा आणखी दोन देवळांचे पाये उघडे झाले. उभे राहिलेले एक देऊळ म्हणजे एका मोठ्या समूहाचा शिल्लक राहिलेला भाग, हे यावरून कळते. पाहायला जाणाऱ्याने भोवतालच्या शेतांच्या बांधांकडे आणि जुन्या घरांच्या पायांकडेही नजर टाकावी. कोरीव दगड बरेचदा तिथे गेलेले असतात.

अंबाजोगाईला मराठी वाङ्मयाचे क्षेत्र म्हणून निराळे महत्त्व आहे. गावाबाहेर डोंगरकपारीत मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ शके १११०, म्हणजे ११८८ चा आणि म्हणून मराठीतला आद्य ग्रंथ, असे परंपरा सांगते. या सनाबद्दल आणि मुकुंदराजांच्या स्थळाबद्दल वाद आहे, विदर्भातल्या आंभोऱ्याचाही त्यांच्यावर हक्क आहे. वाद मिटण्याची वाट न पाहता समाधीची दरी पावसाळ्याच्या शेवटी पाहावी, तेव्हा कड्यावरून पाणी पडत असते. दासोपंत (१५५१–१६१५) यांचेही हे गाव. सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ लिहिणाऱ्या या संतकवीने पंचीकरणाचा विषय एका लांबलचक कापडावर लिहिला. ‘दासोपंतांची पासोडी’ म्हणून ते कापड अंबाजोगाईत जपलेले आहे. चारशे वर्षांचे सुती कापड मराठवाड्याच्या उन्हापावसात टिकले, यात राखणाऱ्यांचे श्रेय मोठे आहे.

अंबाजोगाईहून धर्मापुरी जवळ आहे. इथल्या केदारेश्वराच्या बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरींची रांग आहे. आरशात पाहणारी, पायातला काटा काढणारी, पत्र लिहिणारी अशा त्यांच्या ठरलेल्या मुद्रा मध्ययुगीन देवळांवर आढळतात, आणि डॉ. गो. बं. देगलूरकर यांच्यासारख्या मूर्तिशास्त्रज्ञांनी त्यांचा अर्थ मराठीतून समजावून दिला आहे. जाण्याआधी त्यांचे एखादे पुस्तक वाचले तर भिंत वाचता येते. गावातल्या किल्ल्याच्या भिंतीतही देवळांचे कोरीव दगड बसवलेले दिसतात. पडलेल्या देवळांचा दगड किल्ल्याला जाणे ही मध्ययुगात सर्रास घडणारी गोष्ट होती.

परळी वैजनाथ हे जिल्ह्यातले सर्वांत गर्दीचे देवस्थान. बारा ज्योतिर्लिंगांत ते मोजले जाते, आणि झारखंडमधील देवघरचाही याच ज्योतिर्लिंगावर दावा आहे. स्तोत्राच्या पाठभेदांवर दोन्ही पक्ष आपापला आधार दाखवतात. देऊळ उंचवट्यावर आहे, वर जायला रुंद दगडी पायऱ्या आहेत. आजची वास्तू अहिल्याबाई होळकरांच्या जीर्णोद्धाराची, म्हणजे अठराव्या शतकातली. सागवानी सभामंडप आणि गर्भगृह एकाच पातळीवर असल्याने भाविकाला पिंडीला हात लावून दर्शन घेता येते. शिल्पाच्या दृष्टीने परळीत कंकालेश्वराइतके काही नाही, पण श्रावणी सोमवारी माणसांचा जो लोट तिथे लोटतो तोही पाहण्यासारखा आहे. इथली वीज शेजारच्या औष्णिक केंद्रातून महाराष्ट्राला जाते, आणि एकेकाळी गावाची ओळख देवापेक्षा राखेने जास्त होत असे.

गंगाकाठावर गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन हे शनीचे क्षेत्र. इतिहासात ते लक्षात राहिले आहे १० ऑगस्ट १७६३ च्या लढाईमुळे. थोरले माधवराव आणि राघोबादादा यांच्या फौजेने इथे निजामाचा पराभव केला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. पानिपतानंतर अडीच वर्षांत मराठी सत्ता पुन्हा उभी राहिली ती याच काठावर.

माजलगाव तालुक्यातील पुरुषोत्तमपुरी त्यामानाने शांत आहे. इथे सापडलेल्या तीन ताम्रपटांचे वाचन वा. वि. मिराशी यांनी प्रसिद्ध केले. शके १२३२, म्हणजे १३१० मध्ये यादव राजा रामचंद्राने आपला मंत्री पुरुषोत्तम याला काही गावे दिली आणि त्यांतून ब्राह्मणांसाठी अग्रहार वसवला गेला, तोच पुरुषोत्तमपुरी. सन लक्षात घेतला तर दानाचा खरा प्रसंग दिसतो. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजीने देवगिरी लुटली होती. १३०८ मध्ये मलिक काफूरने रामचंद्राला दिल्लीला नेले आणि तो ‘रायरायान’ किताब घेऊन मांडलिक म्हणून परतला. त्यानंतर दोन वर्षांनी लिहिलेल्या या पटात मात्र राजाच्या दिग्विजयांचे भरघोस वर्णन आहे, वाराणसी मुक्त केल्याचाही उल्लेख आहे. राज्य बुडत असताना दरबारी कवी कसा लिहितो, याचा हा अस्सल नमुना. पुढच्या काही वर्षांत यादवांचे राज्य संपले. इथल्या देवळातल्या पुरुषोत्तमाची, म्हणजे विष्णूची, पूजा मात्र चालू राहिली.

बौद्ध वास्तूंच्या शोधात असलेल्याला बीड जिल्ह्याची दक्षिण सीमा ओलांडून धाराशिव जिल्ह्यातील तेरला जावे लागते. रोमशी व्यापार करणारे प्राचीन तगर नगर ते हेच. गोरा कुंभारांच्या या गावात त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ आहे. त्याची मागची बाजू अर्धगोल आहे, आणि त्यावरून ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे असे हेन्री कझेन्स यांनी दाखवले. डोंगरात खोदलेले चैत्य महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, विटांनी बांधलेले आणि छपरासह उभे राहिलेले जवळजवळ नाहीत. जपानी भाविक अजिंठा-वेरूळला येतात, आणि त्या लेण्यांच्या परिसरविकासाला १९९० च्या दशकापासून जपान सरकारचे कर्जही मिळाले. तेर मात्र त्या वाटेवर नाही.

ही सारी ठिकाणे पाहण्यासाठी थंडीचे महिने चांगले. बीड शहर सोलापूर–धुळे महामार्गावर आहे, आणि १७ सप्टेंबर २०२५ पासून अहिल्यानगर–बीड रेल्वेही सुरू झाली. परळीला रेल्वे फार आधीपासून आहे. देवळांत प्रवेशाला तिकीट नाही. जपानमध्ये बहुतेक मोठ्या देवळांत प्रवेशशुल्क घेतात, हातात माहितीपत्रक देतात आणि वहीवर देवळाचा शिक्का मारून हाताने नाव लिहून देतात. आपल्याकडे दर्शन फुकट असावे हे योग्यच, पण माहितीपत्रक मात्र नसते.

म्हणून देवळात शिरण्याआधी बाहेरून एक पूर्ण प्रदक्षिणा घालावी. सकाळच्या तिरप्या उन्हात घालावी. जोत्यापासून सुरुवात करून नजर वर न्यावी, कोनाड्यातल्या मूर्तींच्या हातांत काय आहे ते पाहावे, अक्षरे दिसली तर त्यांवर पाणी ओतू नये, पीठ किंवा खडू चोळू नये, फक्त फोटो घ्यावा. वीरगळ पारावर ठेवलेला असेल तर त्याला शेंदूर फासू नये. गावकरी देवळाला रंग देण्याच्या बेतात असतील तर त्यांना पुरातत्त्व विभागाच्या परवानगीची आठवण करून द्यावी. ऑइल पेंट दगडाची छिद्रे बुजवतो, आत मुरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि काही वर्षांत नक्षीसकट पापुद्रे सुटतात. हे सांगताना वाद झाला तरी सांगावे.

पुरुषोत्तमपुरीची मोठी यात्रा अधिक महिन्यात भरते, त्या महिनाभर धोंड्यांचा नैवेद्य घेऊन लोक गंगेवर येतात. २०२६ सालचा अधिक महिना ज्येष्ठाचा, १७ मे ते १५ जून. यात्रा पाहायची असेल तर अधिक महिन्यात जावे, देऊळ पाहायचे असेल तर एरवी.